‘व्हॉट्सॲपने मारलं’ म्हणताना

१ जुलै २०१८. रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावाचा आठवडे बाजार भरला होता. पिंपळनेरला पालं टाकून उतरलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले. मूळचे सोलापूरकडचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला आणि मुलं पळवणारी टोळी आल्याची हाकाटी उठली. मारहाण बाजारात सुरू झाली, मग त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आलं. पाचही जण गेले. मारहाणीचं चित्रीकरण त्याच दिवशी फोनाफोनांतून फिरू लागलं. पोलिसांनी पहिल्या काही दिवसांत वीसहून अधिक लोकांना अटक केली.

दुसऱ्या दिवसापासून कारणमीमांसा सुरू झाली. व्हॉट्सॲपने मारलं, असं कोणी म्हणालं. गर्दीत शिरला की माणसाचा विवेक सुटतो, असं टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी सांगितलं. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतले कार्यकर्ते म्हणाले, की या समाजांवरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संशयाचे हे बळी आहेत. आणि शहरातल्या ओट्यांवर एक चौथं कारण होतंच : अडाणी लोक, दुसरं काय होणार.

मानसशास्त्राच्या वर्गात या वादाला रीतसर नावं आहेत. माणसाच्या वागण्याचे तुकडे पाडत मेंदूतली पेशी, संप्रेरक, जनुक किंवा एखादी चेतक घटना इथवर खाली उतरायचं आणि तिथून वर्तन समजावून द्यायचं, हा न्यूनीकरणवाद. माणूस त्याच्या गटात, परिस्थितीत, इतिहासात ठेवूनच समजतो, तुकडे केले की हातात माणूस उरत नाही, हा समग्रतावाद. बी.ए.च्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून हा प्रश्न येतो. ‘दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत’ असा शेवट केला की मार्कही मिळतात. माझी तक्रार त्या शेवटाबद्दल आहे. राईनपाड्यापुढे ते वाक्य ठेवून पाहिलं तर त्यातून काहीच कळत नाही, कारण कोणता खुलासा कुठे कमी पडतो हे ते सांगत नाही. दोघांनाही नमस्कार करून ते बाजूला होतं.

न्यूनीकरणवादाला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ‘माणूस म्हणजे काय रसायनांची पिशवी आहे का?’ असं म्हटलं की सभेत टाळ्या पडतात. पण याच धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्या रसायनांनी माणसाची अब्रू वाचवली आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. मूल लवकर थकतं, सांधे दुखतात, शाळेत दांड्या पडतात. मोठेपणी मजुरीवर चार दिवस गेला की दोन दिवस घरी बसावं लागतं. याचा सगळ्यात सोपा खुलासा गावोगाव तयार होता : ही जातच कामचुकार. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिलं की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतला आहे. १९५६च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅमने तो दोष आणखी खाली नेला : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. बस, एवढंच. एका जागेची अदलाबदल. आज आश्रमशाळेत बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते, आणि ‘आळशी’ म्हणून मार खाणाऱ्या पोराला औषध मिळतं, पाणी भरपूर पी असा सल्ला मिळतो.

यात एक गंमत आहे, ती सहसा नजरेतून सुटते. ‘ही जातच कामचुकार’ हे विधान समग्र होतं. त्यात व्यक्ती गटात विरघळवलेली होती. तिला त्यातून बाहेर काढलं ते प्रयोगशाळेतल्या न्यूनीकरणाने.

मग हीच पद्धत राईनपाड्याला का लागू पडू नये? पडावी की. फक्त तिची परीक्षाही तीच घ्यावी. व्हॅलिनचा खुलासा खरा ठरला, कारण दोन्ही पालकांकडून तो बदल आलेला असला की आजार होतो आणि नसला की होत नाही. कारण असेल तिथे परिणाम, नसेल तिथे नाही. आता ‘व्हॉट्सॲप’ या कारणाला त्या कसोटीवर घासू.

२०१८च्या मे ते जुलै या काळात ‘टोळी उतरली आहे, किडन्या काढतात, पुढे पाठवा’ छापाचे निरोप देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत एक व्हिडिओ होता : मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळ काढतात. तो मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेल्या जाहिरातीतला. मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात तो शेवट कापलेला होता. हे निरोप खान्देशातल्या, मराठवाड्यातल्या, नाशिकच्या लाखो फोनांत होते. त्याच १ जुलैच्या रात्री शेजारच्या मालेगावात हेच नाटक सुरू झालं. बाहेरगावचे पाच जण, त्यांत दोन वर्षांचं एक मूल. तोच संशय, मोठा जमाव. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस जमावापुढे उभे राहिले, आणि पाचही जण वाचले. फोन तेच, अफवा तीच, तारीखही तीच.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतापुरती मर्यादा घातली, की एक निरोप एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. जानेवारी २०१९मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. चांगलं झालं. पण १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांना जमावाने मारलं तेव्हा ती मर्यादा अस्तित्वात होती. समोर पोलीसही होते. सप्टेंबर २०२२मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा इथे चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मार खाल्ला. ते वाचले, एवढाच फरक. कंपनीला जे करता येण्याजोगं होतं ते तिने केलं, आणि जे करता येतं तेच कारण असावं असं आपण समजून बसलो. न्यूनीकरणाचा हा जुना मोह आहे. बटण हाताशी असलं की दिव्याचं सगळं गूढ बटणात आहे असं वाटायला लागतं.

मेंदूत आणखी खाली उतरलं तरी अडचण सुटत नाही. भीतीच्या क्षणी अमिग्डला नावाचा भाग चेततो, विचार करायला सवड मिळत नाही, हे सगळं खरं. पण ते मालेगावच्या जमावातल्या माणसांनाही लागू आहे आणि दार उघडणाऱ्यालाही. त्याला काय भीती वाटली नसेल? बाहेर एवढा जमाव असताना? मेंदूशास्त्र हात कसा उगारला जातो ते सांगेल. तो कोणावर उगारला जातो आणि कोण तो धरतो, हे तिथे लिहिलेलं नसतं.

अफवेबाबत तर आपल्या देशातल्या एका मानसशास्त्रज्ञाने फार आधी महत्त्वाची गोष्ट हेरली होती. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हादरा तर जोरात बसला, पण प्रत्यक्ष पडझड फारशी झाली नाही, अशा भागातल्या लोकांत भयंकर अफवा पसरल्या होत्या : आणखी मोठा भूकंप येणार, पूर येणार, अमुक तारखेला प्रलय होणार. पुढे दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या दरडींचा अभ्यास केला. तिथे लोकांनी मृत्यू आणि पडझड डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिथल्या अफवा तेवढ्या भडक नव्हत्या. लिऑन फेस्टिंगरला ‘संज्ञानात्मक विसंगती’चा सिद्धांत सुचला त्यामागे प्रसाद यांची ही सामग्री होती. त्याने अर्थ असा लावला : माणूस आधीच भ्यालेला असतो, पण भ्यायला साजेसं काही आजूबाजूला दिसत नाही. मग त्या भीतीला शोभेल अशी बातमी तो खरी मानतो. आपण नेहमी उलटं समजतो, की अफवा आली आणि लोक घाबरले.

हे ध्यानात घेतलं तर फोनकडे बोट दाखवून भागत नाही. राईनपाड्याच्या परिसरातली भीती आधीची आणि कशाची, हे विचारावं लागतं. इथून पुढचा तर्क माझा आहे, तो पुराव्याच्या जागी धरू नये. साक्री-नवापूर पट्ट्यातली हजारो आदिवासी कुटुंबं पावसाळा संपला की गुजरातेत ऊसतोडीला जातात. बार्डोलीकडच्या साखर कारखान्यांवरच्या या खान्देशी कोयता मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं लिहिलं आहे. कोणी पोरं सोबत नेतो, कोणी म्हाताऱ्यांच्या भरवशावर मागे ठेवतो. जिथे वर्षातले कित्येक महिने पोरांवर नजर ठेवायला आईबाप जागेवर नसतात, तिथे ‘पोरं पळवतात’ ही बातमी रिकाम्या जमिनीवर पडत नाही. आणि अशा पाड्यात पूर्वापार बाहेरून येणारा माणूस कोण? उचल देऊन बांधून घेणारा मुकादम, जंगलखात्याचा शिपाई, वसुलीवाला. अनोळखी माणसाकडून भलं झाल्याचे अनुभव तिथे थोडेच.

आता गर्दीकडे वळू. गर्दी म्हणजे बुद्धी गेलेला एक मोठा प्राणी, ही कल्पना आपण गुस्ताव ल बाँकडून उसनी घेतली आहे. त्याचं पुस्तक १८९५चं. पॅरिस कम्यूनच्या उठावाने हादरलेल्या वर्गाची भीती त्यात पानोपानी आहे. ल बाँच्या मते गर्दीत व्यक्ती विरघळून एक सामूहिक मन तयार होतं आणि ते आदिम असतं. १९२४ साली अमेरिकेत फ्लॉइड ऑलपोर्टने याला कडाडून विरोध केला : गटाचं मन वगैरे काही नसतं, गर्दीतला माणूस एकटा असताना जसा असतो तसाच, फक्त जरा जास्त. एक टोकाचा समग्रतावादी, दुसरा टोकाचा न्यूनीकरणवादी. पण दोघांचा निष्कर्ष एकच, की गर्दी विचार करत नाही.

आपल्याच इतिहासात याचं उत्तर पडलेलं आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पाहता पाहता ते लोण पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पोहोचलं. सरकारने नेमलेल्या आयोगाने सगळं बारकाईने नोंदवून ठेवलं आहे. जमावाला खतं आणि रोखे हवे होते. कर्जाचे कागद मिळाले की ते जाळायचे. ते मुकाट्याने हातात दिले तिथे अंगाला सहसा हात लागला नाही. लक्ष्य मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकार होते, गावातल्या ब्राह्मण सावकारांना बऱ्याच ठिकाणी वगळलं गेलं. बुद्धी गेलेला प्राणी असा हिशेब ठेवत नाही. १९८० साली इंग्लंडात ब्रिस्टल शहरातल्या सेंट पॉल्स वस्तीत दंगल झाली. स्टीफन रायखरने तिचा अभ्यास करून हेच मांडलं : जमाव बेभान नसतो. ‘आपण कोण’ याची एक सामायिक जाणीव त्याला त्या क्षणी बांधून ठेवते, आणि कोणाला हात लावायचा, कोणाला नाही, हे त्या जाणिवेतून ठरतं.

सुप्यात ही जाणीव सावकारशाहीविरुद्ध होती म्हणून आपण तिला उठाव म्हणतो. पण तिथेही गावातला आणि बाहेरचा ही निवड झालीच होती. राईनपाड्याच्या बाजारातही ती झाली. शेकडो माणसं होती, त्यांतल्या पाचांसाठी ‘हे आमचे ओळखीचे आहेत’ म्हणणारं कोणी नव्हतं. हे जीव कशामुळे गेले याचं उत्तर मला इथे, या मधल्या पातळीवर सापडतं. पेशी इथून फार खाली आहे आणि ‘समाज’ फार वर.

‘समाज’ फार वर आहे म्हणतो, कारण समग्रतावादाचाही हिशेब मांडायला हवा. भटक्यांवरच्या संशयाला इतिहास आहे यात वाद नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि १९५२ साली रद्द होईपर्यंत अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मेलेल्यांतले बहुतेक ज्या जिल्ह्याचे, त्या सोलापूरच्या शहरात ‘सेटलमेंट’ या नावाचा भाग आजही आहे. तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवायची ती जागा. पण नीट पाहिलं तर तो कायदा म्हणजे समग्रतावादाचं सर्वात क्रूर रूप होतं. माणूस काय करतो हे पाहायचंच नाही, तो कोणत्या गटातला यावरून त्याचं वागणं ठरवून टाकायचं. समग्र दृष्टी म्हणजे आपोआप माणुसकीची दृष्टी, असं मानणाऱ्यांनी १८७१ विसरू नये.

तपशिलाचंही भान हवं. डवरी गोसावी विमुक्तांच्या यादीत नाहीत, भटक्यांच्या यादीत आहेत. भगवं वस्त्र आणि झोळी घेऊन भिक्षा मागणारे. शासनाच्या कागदावरचा हा फरक गावाच्या नजरेत उरत नाही, हे खरं. पण मग दुसरी अडचण येते. राईनपाड्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलैला, बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात मुर्की इथे हैदराबादचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर याच संशयावरून मारला गेला. त्याच्यासोबतच्या मित्राने शाळकरी मुलांना चॉकलेटं वाटली होती. तो ना भटका, ना भिक्षेकरी. आणि उलट बाजूने, त्याच जून-जुलैत कितीतरी गोसावी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दारोदार फिरले आणि पीठ-पैसे घेऊन सुखरूप परतले. इतिहास तोच असताना बाकीची गावं का नाही उठली? ‘दीडशे वर्षांचा संशय’ या खुलाशाकडे याचं उत्तर नाही. तो सगळीकडे लागू पडतो, म्हणून राईनपाड्याविषयी विशेष काही सांगत नाही.

दुसरा धोका असा, की संपूर्णाची सीमा कुठे आखायची हे बोलणाऱ्याच्या सोयीवर जातं. गडचिंचल्याच्या वेळी हे उघड दिसलं. एका रात्रीत ते प्रकरण धार्मिक झालं, आणि अटक झालेल्यांची नावं जाहीर करून राज्याच्या गृहमंत्र्यांना खुलासा करावा लागला. ज्याच्या मनात जो समाज दोषी होता त्याने तो ‘संपूर्ण’ म्हणून पुढे केला. आणि सगळा समाज दोषी असला की मारणाऱ्या हाताचं काय करायचं, हेही कोणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हा पेच कायद्याने मानसशास्त्राच्या आधी ओळखला. भारतीय दंड संहितेचं १४९वं कलम म्हणायचं : पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाने समान उद्दिष्टासाठी गुन्हा केला तर त्या जमावातला प्रत्येक जण दोषी. शिक्षा व्यक्तीलाच, पण तिचं कृत्य जमावाच्या उद्दिष्टात ठेवून मोजायचं. नुसती व्यक्ती धरली तर कोणाचा फटका जीवघेणा होता हे सिद्ध करता करता सगळे सुटतील. नुसता जमाव धरला तर कडेला उभा असलेला भाजीवालाही आत जाईल. १८६०च्या कायद्यातली ही मधली वाट आमच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘परस्परपूरक’ या शब्दापेक्षा कितीतरी अक्कलहुशारीची आहे. नव्या भारतीय न्याय संहितेने जमावाने केलेल्या खुनासाठी १०३(२) हे स्वतंत्र कलम आणलं, आणि ती संहिता लागू झाली तीही १ जुलैलाच, २०२४च्या. पण त्या कलमात हेतू लागतो : वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारण. मुलं पळवल्याच्या संशयावरून अनोळखी माणसाला मारलं तर ते यात बसेल का? जमाव म्हणेल, आम्ही जात पाहिली नाही. आणि ते खरंही असेल, कारण ‘हा आपला नाही’ एवढं पाहणं पुरेसं झालं. ‘तत्सम कारण’ या दोन शब्दांचा अर्थ न्यायालयं कसा लावतात त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

तेव्हा माझा कौल समग्रतावादाकडे आहे, पण उधारीवर नाही. परिस्थिती, नाती, इतिहास यांशिवाय माणसाचं वागणं कळत नाही असं म्हणणाऱ्याने ती परिस्थिती नेमकी कोणती, ते नातं कोणाचं कोणाशी, हे गावाचं नाव घेऊन सांगितलं पाहिजे. आणि त्याच्या खुलाशाने न्यूनीकरणवाद्याच्या परीक्षेला बसलं पाहिजे : जिथे हे होतं तिथे घडलं का, जिथे नव्हतं तिथे टळलं का? मालेगावच्या त्या दारामागे काय होतं? त्या रहिवाशाचा वस्तीत वट होता का, शेजारी त्याच्या शब्दाला मान देणारे होते का, पोलिसांची त्या मोहल्ल्याशी आधीची ओळख होती का? राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक यांपैकी कोणाचा शब्द चालला असता का, आणि भिक्षेला आलेल्यांची पिंपळनेरहून कोणी आगाऊ वर्दी दिली असती तर ती ऐकली गेली असती का? हे प्रश्न मेंदूच्या छायाचित्रात सुटणार नाहीत आणि व्यासपीठावरच्या भाषणातही नाहीत.

ते सुटतील पायपीट करून. म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतल्या, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मानसशास्त्र विभागांना एक सुचवणं आहे. प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांच्या हातात परदेशी प्रश्नावल्यांचे अनुवाद देता, त्याऐवजी एक वर्ष त्यांना साक्री आणि नवापूर तालुक्यांतल्या बाजाराच्या गावांत पाठवा. राईनपाड्यात पोलीस, पत्रकार, वकील सगळे जाऊन आले. २०१८च्या पावसाळ्यात हाच निरोप पोहोचला आणि काहीच घडलं नाही अशा गावांत जा. तिथे कोण काय बोललं होतं, ते आठवणारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारा आणि लिहून घ्या.